आफ्रिकेत सेवेला जाताय? चार दिवस सरोवराकाठचेही ठेवा

पुण्यातून आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांचे साधारण दोन गट दिसतात. एक विशीतल्यांचा. आयसेकसारख्या विद्यार्थी संघटनेमार्फत सहा-आठ आठवडे एखाद्या शाळेत किंवा संस्थेत काम करायला निघालेला. दुसरा साठीच्या आसपासचा. निवृत्त डॉक्टर, शिक्षक, अभियंते. कुणी रोटरीच्या वैद्यकीय मोहिमेबरोबर, कुणी ओळखीच्या संस्थेच्या बोलावण्यावरून. दोन्ही गटांची तयारी चोख असते. मेतकूट, चिवडा, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स, सगळं बरोबर असतं. वेळापत्रकात मात्र सुट्टी नसते. का नाही म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "सेवेला चाललोय, सहलीला नाही." वाक्य बाणेदार आहे, पण त्यापायी काम बिघडतं.

पहिले दोन आठवडे उत्साहावर निघतात. मग झोप अपुरी पडू लागते, जेवणाचा कंटाळा येतो, वीज गेली की चिडचिड होते, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यावरच आवाज चढतो. दमलेला पाहुणा हे यजमान संस्थेला आणखी एक काम होऊन बसतं. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी यावर केव्हाच उपाय केलाय. संयुक्त राष्ट्रसंघाच्या खडतर ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना ठराविक आठवड्यांनी पाच दिवसांची विश्रांती असते. जागा जितकी अवघड, तितकी ती लवकर येते. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर पुण्याची 'मैत्री' संस्था बघा. ती पावसाळ्यात मेळघाटात स्वयंसेवक पाठवते ते तुकड्यातुकड्यांनी. एकाच माणसाला सगळा पावसाळा तिथे राबवत नाही.

तेव्हा सहा आठवड्यांसाठी जात असाल तर चौथ्या आठवड्याच्या आसपास तीन-चार दिवस मोकळे ठेवा, आणि हे यजमान संस्थेला जाण्याआधीच पत्रात कळवा. सुट्टी शेवटी ठेवण्याचा मोह होतो, पण शेवटी ठेवली की ती परतीच्या प्रवासाला जोडून सहल होते. कामाला तिचा काही उपयोग होत नाही.

आता हे चार दिवस कसे घालवायचे? इथे पुणेकरांची खोड आडवी येते. आपण सुट्टीचंही वेळापत्रक करतो. नैरोबीत आलोच आहोत तर मासाई मारा, तिथून अंबोसेली, जमलं तर मोंबासा. मारापर्यंत पाच-सहा तासांचा प्रवास, पहाटे उठून जीपमधून धक्के खात सिंह शोधायचा आणि परत तेवढाच प्रवास. हे सगळं उत्तम आहे, पण याला विश्रांती म्हणत नाहीत. सफारी करायचीच असेल तर ती काम संपल्यावर, वेगळ्या पैशांनी आणि वेगळ्या दमाने करा. मधल्या सुट्टीसाठी मी एवढंच सांगेन: जवळचं एखादं सरोवर गाठा, उजेडात निघून उजेडात पोचता येईल असं, आणि तीनही रात्री एकाच ठिकाणी राहा.

सरोवरच का? कारण पूर्व आफ्रिकेत ती हाताशी आहेत. खंडाला पडलेल्या खचदरीच्या दोन फाट्यांमध्ये आणि त्यांच्या मधल्या पठारावर सरोवरांची रांगच आहे. व्हिक्टोरिया सरोवर जवळजवळ ६९,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा त्यात चार वेळा बुडेल. काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही. पण विश्रांतीसाठी मी व्हिक्टोरियाला पहिली पसंती देणार नाही. काठाला गर्दीची शहरं आहेत, किनाऱ्यावर डास आणि मलेरिया भरपूर. तुमचं काम केनियातल्या किसुमूला किंवा युगांडातल्या एंटेबेलाच असेल तर गोष्ट वेगळी. किसुमूला गेलात तर रेल्वे स्थानक जरूर पाहा. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १९०१ साली तिथे सरोवराला भिडली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, त्यातले अडीच हजारांच्या घरात तिकडेच मेले.

केनियात काम असेल तर नैवाशा. नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटर. खचदरीच्या कड्यावरून रस्ता खाली उतरतो तेव्हा बोरघाट आठवतोच. सरोवर गोड्या पाण्याचं आणि सुमारे १,९०० मीटर उंचीवर, त्यामुळे हवा आल्हाददायक, रात्री स्वेटर लागेल इतकी थंड. पिवळ्या सालीच्या बाभळींची दाट सावली, पाणकोंबड्या, मासे टिपणारे गरुड. सायकलवरून फिरता येतं असं हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे; एक सकाळ तिथे जायला हरकत नाही. सरोवराच्या कडेने मैलोगणती पॉलिहाऊस दिसतील. युरोपात जाणारे केनियाचे गुलाब तिथले. फेब्रुवारीत आपल्या मावळातल्या, तळेगावच्या गुलाबांना परदेशी बाजारात टक्कर देतात ते हेच. मावळातला कुणी शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्यासाठी चार फोटो काढून आणा, तुमच्या सेल्फीपेक्षा त्याला त्यांचं मोल जास्त.

नैवाशात खोली घेताना एक विचारून घ्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खचदरीतल्या सरोवरांचं पाणी वाढलंय आणि काठच्या वस्त्या, हॉटेलं, रस्ते पाण्याखाली गेलेत. जुन्या छायाचित्रातली हिरवळ आता तळ्यात असू शकते. याच वाढीने नाकुरू सरोवराचंही रूप पालटलं. तिथला खारेपणा कमी झाला, रोहित पक्ष्यांचं खाद्य आटलं आणि त्यांचे मोठे थवे उत्तरेला बोगोरिया सरोवराकडे सरकले. नाकुरूला गुलाबी किनारा दिसेल या भरवशावर जाऊ नका. रोहितच पाहायचे असतील तर हिवाळ्यात भिगवण आहेच, तेही एसटीच्या तिकिटात.

युगांडात काम असेल आणि खरोखरच शांतता हवी असेल तर माझं मत बुन्योनीला. देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, काबाले गावाजवळ, जवळपास १,९५० मीटर उंचीवर. महाबळेश्वरपेक्षाही सहाशे मीटर उंच. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये वेड्यावाकड्या आकाराचं तळं, त्यात विखुरलेली लहान लहान बेटं. लाकडाच्या एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्यांनी शाळकरी मुलं शाळेत जातात. ब्वामा नावाच्या बेटावर १९३०च्या दशकात लिओनार्ड शार्प या ब्रिटिश मिशनरी डॉक्टरने कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली होती. पुढे तिथे शाळा आली. आनंदवन पाहिलेल्या माणसाला या बेटावर तासभर काढावासा वाटेल. अडचण एकच, कंपालाहून तिथे पोचायला बसने सात-आठ तास लागतात. तुमचं काम कंपालाच्या आसपास असेल तर जिंजा बरं. तिथे व्हिक्टोरियातून नाईल बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा काही अंश १९४८ साली तिथे विसर्जित केला होता, काठावर त्यांचा अर्धपुतळा आहे. आगाखान पॅलेसमधली समाधी पाहून वाढलेल्या पुणेकराला तिथे परकं वाटणार नाही. जिंजात रबरी तराफ्यांतून खळाळत्या पाण्यात जाण्याचे खेळ चालतात आणि त्यांचे दलाल मागे लागतात. त्यांना नम्रपणे नको म्हणा, हे चार दिवस त्यासाठी नाहीत.

घानात असलात तर कुमासीजवळचं बोसुम्तवी. आपलं लोणार जसं उल्कापाताने झालं तसंच तेही. फक्त लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, तर बोसुम्तवीचं सुमारे साडेदहा. अशांती लोक ते पवित्र मानतात. पाण्याला लोखंड लागू नये म्हणून तिथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या होडी न वापरता लाकडी फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवत आले. तेव्हा तिथे काय चालतं, काय चालत नाही हे गावात आधी विचारायचं. देवळात शिरताना चपला काढतो तेवढीच ती साधी गोष्ट आहे. मलावीचं सरोवर देखणं आहे, रंगीत माशांसाठी जगभर नावाजलेलं. १९८४ पासून त्याचा दक्षिणेकडचा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण पुढचा मजकूर वाचल्याशिवाय तिथे पाण्यात उडी मारू नका. रवांडातल्या किवू सरोवराला जायचं तर सीमेवरच्या रुबावूपेक्षा कारोंगीकडचा काठ निवडा. पलीकडच्या काँगोतलं गोमा शहर जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या हाती गेलं, त्यामुळे सीमेची स्थिती कधी बदलेल सांगता येत नाही.

आता पाण्याबद्दल. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात पोहू नका, पायही सोडून बसू नका. कारण बिल्हार्झिया, म्हणजेच शिस्टोसोमियासिस. पाण्यातल्या लहान गोगलगायींमध्ये या कृमीच्या अळ्या वाढतात, बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या अखंड त्वचेतून काही मिनिटांत आत शिरतात. जखम लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही. काठाजवळचं, पाणवेलींचं, संथ पाणी सर्वांत धोक्याचं, आणि पाहुणे उतरतात ते नेमके तिथेच. पुढे कृमी रक्तवाहिन्यांत वस्ती करतात, जातीनुसार आतड्याला, यकृताला किंवा मूत्राशयाला त्रास देतात. जगातल्या या रोगाच्या उपचारांची गरज असलेल्यांपैकी किमान ९० टक्के लोक आफ्रिकेत आहेत. आपल्याकडे हा रोग नाही असं आपण धरून चालतो, तेही पूर्ण खरं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचं केंद्र सापडल्याचं गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी १९५२ साली नोंदवलं होतं. पण एवढ्याने पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरच्या डोक्यात पहिल्या झटक्यात हे निदान येणार नाही, म्हणून तुम्हीच ते नाव घेऊन जायचं.

"आमच्या तळ्यात बिल्हार्झिया नाही" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सरोवराकाठी ऐकू येतं. हॉटेलवाला म्हणतो, होडीवाला म्हणतो, गेल्या वर्षी येऊन गेलेला स्वयंसेवकही म्हणतो. ऐकून घ्या आणि काठावरच बसा. क्लोरीन घातलेला पोहण्याचा तलाव चालेल, समुद्र चालेल. अंघोळीचं पाणी तळ्यातून येत असेल तर ते पिंपात दोन दिवस ठेवलेलं किंवा चांगलं तापवलेलं असावं. पाण्यात पडलातच तर पटकन टॉवेलने खसाखसा पुसल्याने थोडा फायदा होईलही, पण त्यावर विसंबू नका.

तळ्याचे आणखी दोन धोके आहेत. पाणघोडा दिसायला गमतीदार, पण रात्री तो चरायला काठावर येतो आणि त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये सापडलेल्या माणसाला सोडत नाही. नैवाशाकाठच्या तंबूंच्या आवारात रात्री कुंपण आणि पहारेकरी असतात ते त्यासाठीच. पहारेकऱ्याशिवाय अंधारात स्वच्छतागृहाकडेही निघू नका. दुसरा धोका होडीचा. मोठ्या सरोवरांवर वारा अचानक उठतो. शिवाय होड्या क्षमतेबाहेर भरतात. सप्टेंबर २०१८ मध्ये टांझानियात व्हिक्टोरिया सरोवरात 'न्येरेरे' ही फेरीबोट उलटली, सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. बोट गच्च भरलेली होती. होडीत सकाळी बसा, लाइफ जॅकेट अंगात घालून बसा. जॅकेट नसेल तर काठावरूनच मजा बघा.

मलेरियाची गोळी कामाच्या गावी नेमाने घेता आणि सुट्टीत विसरता, असं फार जणांचं होतं. सरोवराकाठी तर डास जास्तच. उंचावरच्या नैवाशा-बुन्योनीला धोका कमी होतो, संपत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या, रात्री मच्छरदाणी आणि गोळीचा खाडा नाही. गोळी कोणती हे प्रवासाआधी डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर त्याने त्वचा उन्हाला हळवी होते. विषुववृत्ताजवळच्या, दोन हजार मीटर उंचीवरच्या उन्हात दुपारभर होडीत बसलात तर रात्री पाठ टेकता येणार नाही. आणि एक खुलासा, कारण हा प्रश्न पुण्यात हमखास येतो: आपल्या सीरम इन्स्टिट्यूटची मलेरियाची आर-२१ लस, जिची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली, ती तिथल्या लहान मुलांसाठी आहे. जाणाऱ्या पाहुण्यासाठी नाही. ज्या दवाखान्यात तुम्ही काम कराल तिथे मात्र तिच्या कुप्या दिसू शकतील, आणि त्यांवर पुण्याचं नाव वाचून बरं वाटेल.

विद्यार्थ्यांसाठी एक अडचणीची बाब. आपली मोठी सुट्टी एप्रिल-मेची. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलाचे, बसेस खोळंबलेल्या, डास वाढलेले. त्या काळात जाणं भाग असेल तर तळं कामाच्या गावाच्या आणखी जवळचं निवडा आणि जाण्यायेण्याला अर्धा दिवस जास्त धरा. निवृत्तांना असलं बंधन नाही, त्यांनी जून ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी बघावं. केनिया-टांझानियात बसची वेळ विचारताना आणखी एक काळजी घ्या. स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचा एक म्हणजे आपले सकाळचे सात. 'दोनची बस' पकडायला दुपारी गेलात तर ती सकाळी आठलाच गेलेली असेल. दिवसाच्या नक्की कुठल्या भागात, हे पुन्हा विचारा. अंधार बारा महिने सातच्या सुमारास पडतो आणि त्यानंतर रस्त्यावर असू नये. मोटरसायकल-टॅक्सी, जिला तिथे बोडाबोडा म्हणतात, हेल्मेट नसेल तर घेऊ नका; पुण्यात चालवता तशी तर मुळीच नाही.

खाण्याची काळजी शाकाहारी घरांत जरा जास्तच होते. सरोवराकाठी तळलेला तिलापिया हे मुख्य जेवण, त्यामुळे मासे खाणाऱ्यांची चैन. शाकाहाऱ्यांना मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर सुकुमा नावाची पालेभाजी, मका-घेवड्याची गिथेरी, युगांडात मटोके म्हणजे उकडलेली हिरवी केळी आणि त्यावर शेंगदाण्याचं दाट कालवण. ते कालवण आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीचं सख्खं भावंड आहे. चपातीला तिथे चपातीच म्हणतात. एकच सांभाळा: युगांडात 'रोलेक्स' मागाल तर चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट येईल.

जे काम करणार आहात त्याच कामाचा व्हिसा असू द्या. पर्यटनाच्या व्हिसावर शाळेत शिकवणं अनेक देशांत बेकायदा ठरतं. तुमच्याकडे स्वयंसेवकाचा परवाना असेल आणि सुट्टीत सीमा ओलांडून शेजारच्या देशात जायचा विचार असेल तर परत येता येईल का, हे यजमान संस्थेकडून आधी लेखी घ्या. माझ्या मते पहिल्या खेपेला त्याच देशातलं तळं पुरे.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या तिथल्या शिक्षिकेला, परिचारिकेला अशी सुट्टी मिळत नाही, आणि तळ्याकाठच्या खोलीचं तीन रात्रींचं भाडं तिच्या पगाराच्या मोठ्या हिश्श्याइतकं असू शकतं. म्हणून सुट्टी लपवू नका आणि मिरवूही नका. "चार दिवस विश्रांतीला जातोय, सोमवारी हजर" एवढं सरळ सांगावं. खोली स्थानिक माणसाच्या मालकीच्या साध्या निवासात घ्यावी, होडीवाल्याशी भाव ठरवताना तुळशीबागेतली घासाघीस करू नये. परत येताना टी-शर्ट, किचेन आणू नका, सगळ्यांना वाटता येईल अशी फळांची टोपली आणा. काठावरच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका. कमला नेहरू पार्कात कुणी परका तुमच्या नातवाचा फोटो काढू लागला तर तुम्ही काय म्हणाल, तोच न्याय.

तिथे गेल्यावर काय करायचं? झोपा. पहाटे पक्षी बघा. एक मराठी पुस्तक बरोबर न्या, लॅपटॉप कामाच्या गावीच राहू द्या. घरच्यांना निघण्याआधी सांगून ठेवा की या चार दिवसांत रोज एकच फोन होईल, आई-बाबा व्हिडिओ कॉलवर तळं पाहून पंधरा मिनिटांत "जेवलास का?"वर येतातच.

आता परतीचं, पण त्याची तयारी निघण्याआधीच करायची. पिवळ्या तापाची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. ते २०१६ पासून आयुष्यभर चालतं. लस अधिकृत केंद्रातच घ्या. पुण्यात महापालिकेचं केंद्र मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात आहे, वार आणि नोंदणीची पद्धत आधी विचारून जा. साठीपुढच्यांनी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा. पिवळ्या तापाच्या देशातून आलात आणि कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावरून घरी नाही, सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात जावं लागतं. घरी आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेत जाऊन आलोय" हेच सांगा. आणि माझं न ऐकता तळ्यात उतरला असालच, तर शेवटच्या डुबकीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी बिल्हार्झियाची तपासणी करून घ्या. काही त्रास होत नसला तरी. निदान झालं तर प्रॅझिक्वांटेल नावाच्या गोळ्यांनी तो बरा होतो.